हंगामाचे अर्पण : नगरच्या मराठी मंडळीच्या सेवाकार्याचा इतिहास

२०३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू होऊन दोनशे वर्षे होतील. पुढे दोन वर्षांनी, २०३३ साली, नगरच्या पहिल्या मंडळीची द्विशताब्दी येईल. या पर्वाची तयारी सुरू असताना मंडळीच्या इमारती, शाळा आणि पाळकांच्या कारकिर्दी यांची उजळणी होईलच. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे. पावसाळा सरल्यापासून नाताळपर्यंतच्या दिवसांत मंडळीने गोरगरिबांसाठी काय केले, आणि ते करण्याची सवय तिला कशी लागली, एवढेच इथे सांगायचे आहे.

याच दिवसांवर भर का, हे नगरच्या भूगोलाकडे पाहिले की कळते. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला. खरिपाची बाजरी, मूग, मटकी हाताशी येतात ती गणपती-दसऱ्याच्या सुमारास. रब्बीची ज्वारी पेरायची तर परतीचा पाऊस हवा. हस्ताचा पाऊस हुकला की पुढच्या वर्षभराचा निकाल दिवाळीआधीच लागलेला असतो, आणि लगेच थंडी येते. नगरला डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. रिकामी कणगी आणि गारठा दोन्ही एकाच महिन्यात दारात उभे राहतात. म्हणून इथल्या दानधर्माचे पंचांग पावसाने ठरवले आहे.

१८३१–१८४० : अपंगांच्या आश्रमातली मंडळी

मिशनचे पहिले पाऊल मुंबईत १२ फेब्रुवारी १८१३ रोजी पडले. त्या दिवशी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट बोटीतून उतरले. घाटावर काम न्यायची हॉल यांची तळमळ होती. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे गेले, तेव्हा तिथे कॉलऱ्याने थैमान घातले होते. जवळची औषधे संपत येईपर्यंत ती वाटून ते परत फिरले आणि वाटेत एका देवळाच्या ओसरीवर त्याच रोगाने वारले. आपल्या मंडळीची वंशावळ लिहायची तर सुरुवात या ओसरीपासून करावी, असे मला वाटते.

डिसेंबर १८३१ मध्ये अॅलन ग्रेव्हज, विल्यम हर्वे आणि हॉलिस रीड नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण कुळातले ख्रिस्ती गृहस्थ होते. गावात राहणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून म्हातारे, आंधळे, पांगळे आणि महारोगी यांच्यासाठी एक आश्रम चालत असे. त्याची देखरेख बाबाजींकडे आली. रोज धान्य मोजून द्यायचे, विचारपूस करायची आणि मग शास्त्र वाचून दाखवायचे, असा त्यांचा क्रम होता. मार्च १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत या आश्रमातली माणसे होती.

ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. नगरची मंडळी म्हटली की शिकलेली, प्रतिष्ठित घराणी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात तिच्या पहिल्या उपासनेला बसलेल्यांत अशी माणसे होती ज्यांच्या जेवणाची सोय दुसऱ्याने केली होती. दान घेणारे हात आधी आले, देणारे नंतर तयार झाले. हर्वे १८३२ साली आणि बाबाजी १८३३ साली कॉलऱ्यानेच गेले. काम सुरू होऊन दोन वर्षे होण्याच्या आत ही दोन माणसे हरपली, तरी आश्रमाकडे जाण्याचा परिपाठ सुटला नाही.

१८४१–१८६० : आपले पाळक

या काळात हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी गीते रचून उपासनेला मराठी गळा दिला. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ नगरहून निघू लागला. सिंथिया फरार यांची मुलींची शाळा इतकी नावाजली की जोतीराव फुले ती पाहून गेले, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही तिथे झाले. फरारबाई १८६२ साली नगरलाच वारल्या.

सेवाकार्याच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १८५४. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना त्या वर्षी पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक आपला झाला की त्याचा निर्वाहही आपण करायचा असतो. परदेशातून येणाऱ्या पैशावर विसंबलेली मंडळी तेव्हापासून स्वतःच्या थैलीत हात घालू लागली.

१८६१–१८७५ : दशमांश आणि धान्याची टोपली

नगर आणि आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्यांनी मिळून ‘ऐक्य’ नावाची संघटना उभी केली. पावसाळा सरून वाटा कोरड्या झाल्या की वार्षिक सभेसाठी माणसे बैलगाड्यांतून आणि पायी नगरला येत. वडाळा, शिरूर, राहुरी, पारनेर या बाजूंची माणसे चार दिवस एकत्र राहत. याच दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात झाली. रात्र-रात्र चालणाऱ्या कीर्तनांना इतर समाजांचे लोकही येऊन बसत.

मिळकतीचा दहावा भाग अर्पण करण्याचा विचार याच वर्षांत मंडळीत मुरला. आज पगारदाराला दशमांश काढणे सोपे वाटते. तेव्हाचे बहुसंख्य सभासद महार-मांग समाजांतून आलेले, बलुत्यावर आणि मजुरीवर जगणारे होते. त्यांच्या हाती रोकड क्वचितच पडे. त्यांनी दशमांश दिला तो बाजरीच्या पायलीत, कोंबडीत, अंड्यांत आणि शेणीच्या भाऱ्यात. ख्रिस्ती झाल्यामुळे बलुते तुटलेल्या घरांनीही हे दिले. ज्याच्या घरी दोन महिन्यांची बाजरी आहे त्याने दहावा हिस्सा काढला की सहा दिवसांचे जेवण कमी होते, हा हिशोब मनात धरल्याशिवाय त्या टोपलीची किंमत कळत नाही.

मराठी मंडळ्यांत आजही होणारा हंगामाचा सण याच वळणाचा आहे. उपासनेच्या दिवशी वेदीपुढे कणसे, भोपळे, मूग, शेंगा, गूळ, अंडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या येऊन पडतात. उपकारस्तुती झाली की अंगणात लिलाव होतो. दहा रुपयांची पपई दोनशेला जाते, घेणारा ती पुन्हा अर्पण करतो आणि तिचा लिलाव पुन्हा होतो. मुलांना यात सगळ्यात जास्त गंमत वाटते, आणि द्यायला शिकण्याची ही फार चांगली शाळा आहे. जमलेल्या रकमेतला एक वाटा गरजूंसाठी ठेवण्याची रीत जिथे आहे तिथे ती जपावी.

१८७६–१८७८ : पहिला मोठा कस

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत सावकारी पाशाखाली पिचलेला पुणे-नगरचा शेतकरी उठला होता. त्याचा श्वास परत येण्याआधीच १८७६ चा पाऊस गेला. खरीप बुडाले, रब्बीची पेरणी झालीच नाही. सरकारी दुष्काळी कामांवर मजुरी इतकी कमी केली गेली की मजुरांनी कामेच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून भुकेल्या मुलांना जेवू घातले. मदतीचे काम एकट्या मिशनने केले असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रातले अनेक हात एकाच वेळी पुढे आले होते आणि नगरची मंडळी त्यांतली एक होती.

या दुष्काळात एक तरुण मिशनरी घडला. रॉबर्ट अॅलन ह्यूम १८४७ साली मुंबईतच जन्मले होते आणि १८७४ पासून नगरला काम करत होते. १८७८ साली त्यांनी नगरला ईश्वरविज्ञानाचे विद्यालय सुरू केले. त्यात तयार होणाऱ्या पाळकांना खेड्यातली भूक पुस्तकातून शिकावी लागली नाही.

१८९६–१९०५ : दुष्काळ, प्लेग, पुन्हा दुष्काळ

ही दहा वर्षे मंडळीच्या इतिहासातली सर्वांत कठीण होत, आणि सर्वांत मोठीही.

१८९६ चा दुष्काळ संपतो न संपतो तो प्लेग आला. माणसे घरे सोडून माळावरच्या छावण्यांत राहू लागली. कडाक्याच्या थंडीत तट्ट्याच्या झोपडीत दिवस काढायचे होते. घरातल्याच माणसाला हात लावायला घरचे भीत. अशा वेळी छावणीत रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांत लक्ष्मीबाई टिळक होत्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला होता आणि नगर हे त्यांच्या कार्याचे केंद्र झाले होते. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे दिवस माहीत आहेत. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई पुढे दुष्काळातली पोरकी मुले घरात घेऊन बसली. जात विचारण्याचे कारण तिला उरले नव्हते.

१८९९ साली पाऊस पुन्हा फसला. या वेळी गुजरात, राजपुताना, मध्यप्रांत आणि दख्खन यांच्यावर एकाच वेळी संकट आले. नगरच्या रस्त्यांवर सांगाडे चालत होते. मंडळीच्या आवारात शेकडो मुले आली. कोणाचे आईबाप वाटेत गेले होते, कोणाला आईनेच फाटकाशी सोडले होते. मुलांना आधी पेज द्यायची, मग भाकरी, कारण उपाशी पोटात एकदम जड अन्न गेले तर मूल दगावते. हे शिकता शिकता काही मुले हातची गेली. उरलेल्यांना पांघरायला गोधड्या हव्या होत्या. त्या शिवायला मंडळीतल्या बायका बसल्या. त्या बायकांची नावे कुठल्याच अहवालात नाहीत. या लेखात श्रेय कोणाला द्यायचे असेल तर आधी त्यांना.

ह्यूम यांनी या काळात सगळ्या मिशनांची मिळून मदत समिती चालवली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने अमेरिकेत वर्गणी गोळा केली आणि १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचे जहाज सुमारे ५ हजार टन मका घेऊन मुंबईकडे निघाले. त्या धान्याचे आणि पैशांचे देशभर वाटप करण्याच्या कामात ह्यूम यांचा वाटा मोठा होता. १९०१ साली त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

याच दुष्काळाची दुसरी शाखा छत्तीसगडात दिसते. १८९९ च्या अखेरीस धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशनचे जेकब रेसलर आणि डॉक्टर विल्यम पेज पोचले, आणि त्यांना शाळा किंवा चर्च काढण्याआधी दुष्काळाचे काम हाती घ्यावे लागले. धमतरीचे अनाथालय, महारोग्यांची वसाहत आणि पुढे १९१० साली निघालेले इस्पितळ यांचे मूळ नगरच्या अनाथालयाप्रमाणेच त्या एका हंगामात आहे. मराठी आणि छत्तीसगडी मंडळ्यांचे नाते सांगायचे तर ते या भुकेच्या वर्षापासून सांगावे लागते.

या काळावर एक आक्षेप सतत घेतला जातो : पोटासाठी धर्म बदलला. आक्षेप जुना आहे आणि तो टाळून पुढे जाणे मंडळीला शोभणार नाही. दुष्काळात आलेल्या मुलांपैकी पुष्कळजण ख्रिस्ती झाले, हे खरे. भुकेल्या मुलाला निवड करता येत नाही, हेही खरे. पण ज्यांना त्या वर्षी भाकरी मिळाली तेच पुढे शिक्षक, विणकर, परिचारिका आणि पाळक होऊन तीन पिढ्या खेड्यापाड्यांत इतरांच्या मुलांसाठी राबले. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा त्यांच्या आयुष्याने घेतली आहे, आणि तेवढा आदर त्यांना मिळायला हवा.

१९०६–१९३० : मागावरची मुले

वाचलेल्या मुलांचे पुढे काय करायचे? मंडळीने उत्तर शोधले ते हातात कसब देऊन. सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत सुतारकाम, धातुकाम आणि विणकाम शिकवले जात होते. दुष्काळातली मुले गालिचे विणू लागली आणि नगरचे गालिचे बाहेरगावी जाऊ लागले. डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने हातमागात सुधारणा करून गरीब विणकराला झेपेल असा वेगवान माग तयार केला. भीक घालण्यापेक्षा माग देणे अवघड असते, त्याला पैसा आणि धीर दोन्ही जास्त लागतात. मंडळीने हा अवघड रस्ता धरला, हा माझ्या मते तिचा त्या शतकातला सर्वांत शहाणा निर्णय.

स्त्रियांच्या आजारपणाकडे डॉक्टर ज्युलिया बिसेल यांनी लक्ष दिले. पडदा, सोवळे आणि संकोच यांमुळे पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या बायकांसाठी त्यांनी इस्पितळ उभे केले. टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. मिशनच्या पगाराबाहेर राहून स्वदेशी वळणाने सेवा करायची, हा त्यामागचा विचार. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि तो विचार अर्धवट राहिला. ह्यूम अर्धशतकाहून अधिक काळ नगरला राबले आणि १९२९ साली निवर्तले. दरम्यान १९२४ साली उत्तर भारतातील संयुक्त मंडळी आकाराला आली आणि नगरच्या मंडळीचे नाते व्यापक झाले.

१९३१–१९५० : हस्तांतर

१९३९ साली बिसेलबाईंनी उभे केलेले इस्पितळ साल्व्हेशन आर्मीकडे गेले आणि इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल या नावाने चालू लागले. नगरकर त्याला नुसते ‘बूथ’ म्हणतात. १९४७ साली डॉक्टर भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. खेड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर होऊ शकला, याचे बरेचसे श्रेय या एका संस्थेला जाते.

१९५१–१९८० : उत्तर भारतीय मंडळी आणि १९७२

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. मालमत्ता आणि कारभार यांविषयी त्या काळात ठिकठिकाणी मतभेद झाले. वडीलधाऱ्यांच्या समजूतदारपणामुळे उपासना आणि सेवा मात्र थांबली नाही.

दोनच वर्षांनी, १९७२ साली, पाऊस गेला. त्या पिढीची माणसे अजून आपल्यात आहेत. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, लाल मिलोच्या चिकट भाकऱ्या, पाण्यासाठी रात्रभर विहिरीपाशी लावलेले हंडे हे सगळे त्यांनी पाहिले आहे. चर्चेस ऑक्झिलियरी फॉर सोशल अॅक्शन, म्हणजे ‘कासा’, ही संस्था देशाच्या फाळणीच्या वेळी निर्वासितांसाठी सुरू झाली होती. तिने आता कामाच्या बदल्यात धान्य ही पद्धत वापरली. विहिरी खणणे, बांध घालणे ही कामे अशा धान्यावर झाली. फुकट वाटपापेक्षा ही पद्धत बरी, कारण दुष्काळ गेल्यावरही विहीर राहते. अहमदनगर महाविद्यालयातून डॉक्टर एस. के. हुलबे यांनी विद्यार्थ्यांना खेड्यांत नेऊन ग्रामविकासाचे काम उभे केले. शेजारच्या कॅथलिक बांधवांत फादर हर्मन बाखर यांनी पाण्याचा प्रश्न मुळापासून हाती घेतला. लोक त्यांना ‘बाखरबाबा’ म्हणत. १९९३ साली त्यांच्या प्रेरणेने ‘वॉटर’ ही पाणलोट विकासाची संस्था सुरू झाली.

१९८१–२००० : भूकंपाची हाक

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जनानंतरची पहाट होती, माणसे दमून झोपलेली होती. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत पहिला हिवाळा काढायचा होता. ‘कासा’ने तिथे मदतीबरोबर पुनर्वसनाचेही काम केले. अशा कामाला पैसा येतो तो देशभरच्या मंडळ्यांतल्या रविवारच्या अर्पणांतून, हे लहान मंडळीनेही लक्षात ठेवावे.

२००१ पासून आजपर्यंत

२०२० साली करोना आला तेव्हा बूथ हॉस्पिटलने नगर जिल्ह्यातल्या हजारो रुग्णांवर उपचार केले. प्लेगच्या छावणीत ज्या गावाने सेवा पाहिली होती, त्याने ती पुन्हा पाहिली. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. मंडळीही बदलली आहे. पुष्कळ कुटुंबे पुण्या-मुंबईला, नागपूर-भिलाईला, परदेशात गेली. नाताळात ती घरी येतात आणि अर्पणाच्या थैलीत त्यांचा वाटा असतो. महिला मंडळ आणि तरुण संघ यांच्या खांद्यावर आता बराचसा भार आहे.

गरजू मात्र बदलले आहेत. दिवाळी सरली की जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. बीड, पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या येतात. उसाच्या पाचटाच्या कोप्यांत, ओलिताच्या रानाच्या कडेला त्यांचा मुक्काम पडतो. पहाटे तीन-चारला कोयता घेऊन आईबाप फडात जातात. भिजल्या गारठ्यात लहान मुले कोपीत राहतात आणि थोरली बहीण शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मंडळीच्या फाटकाशी आलेल्या मुलांची जागा आज या मुलांनी घेतली आहे, फक्त ती फाटकाशी येत नाहीत. आपल्यालाच त्यांच्याकडे जावे लागेल.

म्हणून द्विशताब्दीच्या तयारीत मंडळीपुढे एक विनंती ठेवतो. हंगामाच्या सणाचे अर्पण नाताळापर्यंत पेटीत ठेवू नये. गाळप सुरू होताच, म्हणजे नोव्हेंबरातच, ते पांघरुणांवर खर्च व्हावे. घाऊक बाजारातल्या पातळ चादरी घेण्याऐवजी धनगर विणकरांकडून घोंगड्या विकत घ्याव्यात. त्या दोन थंड्या टिकतात आणि विणणाऱ्या घरालाही चार पैसे मिळतात. घोंगड्या देताना समारंभ, फलक आणि छायाचित्रे टाळावीत. महिला मंडळाने वयोगटानुसार मुलांचे स्वेटर आणि कानटोप्या वेगळ्या बांधून ठेवाव्यात, तरुण संघाने कोप्यांची पाहणी करून मुलांची यादी करावी आणि जवळच्या शाळेत त्यांची नावे घालता येतात का ते पाहावे. ज्यांना या कामात वेळ, धान्य, कपडे किंवा पैसे द्यायचे असतील त्यांनी हंगामाच्या सणाआधी आपल्या पाळकांना भेटावे.